तांब्यावरचे यवन राजे

ग्रीक नाण्यांचा नाद लागलेला नवखा माणूस हमखास चांदीच्या मागे धावतो. अथेन्सचं घुबड हवं असतं, अलेक्झांडरचं चार द्राख्मांचं जाडजूड नाणं हवं असतं. दोन्ही देखणी, दोन्हींपायी काहीशे डॉलर सहज जातात. पण अलेक्झांडरचं म्हणून घेतलेलं नाणं बहुधा अलेक्झांडरचं नसतंच. तो इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनला वारला आणि त्याच्या नावाची चांदी पुढे दोनशेहून अधिक वर्षं निरनिराळी शहरं आणि राजे पाडत राहिले. बाजारात ते नाव चालत होतं, कोण कशाला बदलेल?

तांब्याची गोष्ट वेगळी. खरं तर हे ब्राँझ, म्हणजे तांब्यात कथील घालून केलेलं कासं. पण संग्राहक सरसकट तांबंच म्हणतात, मीही तेच म्हणतो. तांब्याच्या नाण्यात धातूची किंमत नगण्य. ते चालतं राजाच्या शब्दावर, आणि राजाचा शब्द त्याची सत्ता पोचते तिथपर्यंतच. चांदी व्यापाऱ्याच्या आणि भाडोत्री सैनिकाच्या कमरेला बांधून देशोदेशी गेली. तांबं भाजीबाजारात फिरलं, हातातून पडलं, तिथल्याच मातीत राहिलं. म्हणून एखाद्या गावी खणताना कुठल्या राजाचं तांबं निघतं यावरून त्या गावावर केव्हा कुणाची सत्ता होती, याचा अंदाज बांधता येतो. राजांचा इतिहास नाण्यांतून वाचायचा असेल तर सुरुवात तांब्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. शिवाय फिलिपचं बऱ्यापैकी अवस्थेतलं तांब्याचं नाणं शंभर डॉलरांच्या आत मिळतं.

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत बसून हा छंद करणं गैरसोयीचं नाही, उलट सोयीचंच आहे. एडिसन किंवा न्यू ब्रन्सविकला गाडी पकडली की एका बाजूला प्रिन्स्टन, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क. तिथे काय पाहायचं ते पुढे येईलच. आधी वाचायला शिकू या.

आपल्या गावात होज लेनवर आयईईईचं मोठं कार्यालय आहे, आणि इथल्या मराठी घरांत निदान एक तरी अभियंता सापडतो. त्यामुळे ग्रीक अक्षरांची भीती बाळगायचं कारण नाही. सिग्मा, लॅम्डा, डेल्टा, ओमेगा, पाय, फाय ही मंडळी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षापासून ओळखीची आहेत. फसवतात ती इंग्रजीसारखी दिसणारी अक्षरं. इंग्रजी पी दिसतो तो 'ऱ्हो', म्हणजे र. एच दिसतो तो 'ईटा', म्हणजे दीर्घ ए. एक्स दिसतो तो 'खी'. उशिराच्या नाण्यांवर सिग्मा चक्क इंग्रजी सी सारखा गोल होतो, आणि भारताकडच्या शेवटच्या यवन, म्हणजे ग्रीक, राजांच्या नाण्यांवर गोल ओमिक्रॉन चौकोनी होऊन बसतो. ही चौकोनी वळणं दिसली की नाणं उशिराचं, एवढा ठोकताळा बांधायला हरकत नाही.

नाव शोधताना लक्षात ठेवायचं की राजाचं नाव जवळजवळ नेहमी षष्ठीत असतं. 'बासिलेओस' म्हणजे राजाचे, पुढे 'फिलिप्पू', 'लिसिमाखू', 'अँटिओखू', 'टोलेमायू'. हे अमक्या राजाचं नाणं आहे, इतकाच मजकूर. शेवटी ओमिक्रॉन आणि उप्सिलॉन ही जोडी दिसली तर त्याआधी राजाचं नाव आहे असं समजा. सिराक्यूजच्या हिएरॉनसारखी काही नावं 'हिएरोनोस' अशी वेगळी चालतात, पण ती थोडी. नाण्याचा पत्रा ठशापेक्षा लहान असला की कडेची अक्षरं बाहेरच राहतात. मधलीच चार अक्षरं उमटलेली असतात, आणि त्यांवरून बाकीचं नाव भरायचं असतं. शब्दकोडी सोडवणाऱ्यांना हे काम आवडतं.

अक्षरं वाचण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. नाण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजावा, आणि ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर वजन करावं. स्वयंपाकघरातला काटा चालत नाही. मग दिवा डोक्यावर न ठेवता बाजूला, अगदी टेबलाच्या पातळीला ठेवून नाणं फिरवत पाहावं. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही सावली टाकतात. छायाचित्रही त्याच उजेडात काढावं, फ्लॅश मारून काढलेलं छायाचित्र कुणाच्याच कामाचं नसतं.

आता राजे.

मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपपासून, म्हणजे अलेक्झांडरच्या बापापासून सुरुवात करणं सोपं. त्याची कारकीर्द इ.स.पू. ३५९ ते ३३६. एका बाजूला डोक्याला पट्टी बांधलेला अपोलो, दुसऱ्या बाजूला उधळलेल्या घोड्यावर उघडा पोरगा आणि वर 'फिलिप्पू'. 'राजा' हा शब्द नाही, नुसतं नाव. अलेक्झांडरच्या तांब्यावर सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला हेराक्लीज आणि मागे गदा, धनुष्य आणि भाता. ही दोन्ही नाणी अफाट संख्येने पाडली गेली, म्हणून स्वस्त आहेत. स्वस्त आहेत म्हणून त्यांना कमी लेखू नका. शिकायला यांच्याइतकी चांगली नाणी नाहीत, कारण चिन्हं पक्की आहेत आणि ताडून पाहायला हजारो नमुने छापलेले आहेत.

अलेक्झांडरमागून आलेल्या सरदारांत कासांडर मला नाण्यांपुरता सर्वांत रंगतदार वाटतो. अलेक्झांडरची आई, बायको आणि मुलगा यांना मारवणारा हाच. पण बाकीच्या सरदारांप्रमाणे राजा म्हणवून घ्यायला इ.स.पू. ३०५ च्या सुमारापर्यंत थांबला. त्याच्या काही तांब्याच्या नाण्यांवर नुसतं 'कासांड्रू' आहे, काहींवर 'बासिलेओस कासांड्रू'. 'राजा' नसलेली नाणी आधीच्या काळातली मानतात. एका शब्दाच्या असण्या-नसण्यावरून एका माणसाची महत्त्वाकांक्षा कुठवर आली होती ते दिसतं, आणि तेही पन्नासएक डॉलरांत. थ्रेसचा लिसिमाखस ओळखायला आणखी सोपा. शिरस्त्राण घातलेली अथेना आणि मागे झेपावणारा सिंह.

इजिप्तच्या टोलेमी घराण्याने मात्र नाणेशास्त्राच्या विद्यार्थ्याचा अंत पाहिला आहे. एकामागून एक सगळे राजे टोलेमीच, आणि नाण्यावर सगळ्यांचा मजकूर तोच, 'टोलेमायू बासिलेओस'. पुढे शिंगं असलेला झ्यूस-अम्मॉन, मागे वज्रावर उभा गरुड. मग राजा ओळखायचा कशावरून? आकारावरून, घडणीवरून, आणि गरुडाच्या पायांमध्ये किंवा समोर कोरलेल्या बारीक अक्षरांवरून आणि खुणांवरून. दुसऱ्या टोलेमीने इ.स.पू. तिसऱ्या शतकात तांब्याची नाणी अवाढव्य केली. काहींचं वजन ९० ग्रॅमच्या पुढे जातं, म्हणजे सोळा क्वार्टर एकत्र तळहातावर घेतल्यासारखं. पुष्कळ नाण्यांच्या मधोमध छोटा खळगा असतो. तो दोष नव्हे, पत्रा घडवतानाची खूण आहे. नवखे लोक 'भोक बुजवलंय' म्हणून तेच नाणं परत करतात. याच घराण्याची शेवटची राणी क्लिओपात्रा. तिच्या अलेक्झांड्रियाच्या तांब्यावर तिचा चेहरा आहे, आणि मागे गरुडाशेजारी 'पाय' किंवा 'म्यू' हे अक्षर. ग्रीक अक्षरांना अंकांची किंमत असते. पाय म्हणजे ८०, म्यू म्हणजे ४०. हे त्या नाण्याचं मूल्य. तिच्या नावाला जी हाव आहे तिच्यामुळे किंमत चढते, आणि खोटी नाणीही निघतात. सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नये.

सिरियातल्या सेल्युकिद राजांवर थोडं थांबलं पाहिजे, कारण इथे तुम्हांला आयती तारीख मिळते. या घराण्याने इ.स.पू. ३१२ पासून स्वतःचा शक सुरू केला आणि पुढे कित्येक नाण्यांवर तो घातला. आपल्याला शक नवा नाही, गणितही तसंच करायचं. सातव्या अँटिओखसचं अंतिओक शहरातलं एक छोटं तांब्याचं नाणं बाजारात नेहमी दिसतं. पुढे पंखवाला इरॉस, मागे इसिस देवीचा मुकुट. खाली डेल्टा, ओमिक्रॉन, ऱ्हो अशी तीन अक्षरं असली तर ४, ७० आणि १००, बेरीज १७४. ३१३ मधून १७४ वजा केले की १३९, म्हणजे इ.स.पू. १३९-३८. शक शरद ऋतूत बदलायचा, म्हणून वर्ष जोडीनेच सांगतात. बावीसशे वर्षांपूर्वीचं म्हणून विकलं जाणारं नाणं घरच्या टेबलावर वर्षासकट वाचता येणं ही चैन फार थोड्या नाण्यांत आहे.

याच घराण्यात एकाच नावाचे राजेही फार, अँटिओखस तेरा झाले. तिथे बिरुदं कामी येतात. चौथ्या अँटिओखसच्या नाण्यांवर 'थेऊ एपिफानूस', प्रकट झालेल्या देवाचे, असा थाट आहे. न्यू जर्सीच्या शाळांत मुलं डिसेंबरात हनुक्काची गोष्ट ऐकून येतात, तिच्यातला खलनायक हाच. त्याच्या काळातली, आणि त्याच्या आगेमागेची काही तांब्याची नाणी करवतीसारख्या दातेरी कडेची आहेत. मुलाला इतिहासात ओढायचं असेल तर दातेरी नाणं हातात द्यावं, फार बोलावं लागत नाही.

सिसिलीत सिराक्यूजचा दुसरा हिएरॉन, आर्किमिडीजचा राजा. पोसायडन आणि त्रिशूळ असलेलं त्याचं नाणं भरपूर मिळतं. पुढे जाऊ.

आपल्याकडचे यवन

मराठी माणसाने ग्रीक तांब्यात शिरायचंच तर हिंदुकुशाच्या अलीकडच्या राजांपाशी यावं, असं मी म्हणेन. पाश्चात्त्य संग्राहकाला या नाण्यांची एकच बाजू वाचता येते. दुसरी बाजू प्राकृतात आहे, आणि ती लिप्यंतर करून समोर ठेवली की आपल्याला तिचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

बॅक्ट्रियाच्या, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तर भागातल्या ग्रीक राजांनी इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडे पाय पसरले. पांटालिऑन आणि अगाथोक्लीज या दोघांनी तिथल्या प्रजेसाठी तांब्याची नाणी चौकोनी पाडली. ग्रीक नाणं गोल असायचं, चौकोनी ही इथल्या आहत, म्हणजे ठसे ठोकून केलेल्या, नाण्यांची रीत. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी. 'रजने पंतलेवस', 'रजने अगथुक्लेयस'. याच अगाथोक्लीजची, संकर्षण आणि वासुदेव यांच्या प्रतिमा असलेली सहा चांदीची नाणी १९७० मध्ये अफगाणिस्तानातल्या आय खानुमच्या उत्खननात सापडली. एकाच्या हाती नांगर, दुसऱ्याच्या हाती चक्र. ती नाणी बाजारात कुणी देऊ केली तर हसून फोन ठेवावा.

पुढच्या राजांनी ब्राह्मी सोडून खरोष्ठी घेतली. ती उजवीकडून डावीकडे वाचायची आणि तिच्यात दीर्घ स्वर दाखवत नाहीत. पहिल्या अपोलोडोटसच्या चौकोनी तांब्यावर अपोलो आणि त्याची तिवई, भोवती 'महरजस अपलदतस त्रतरस'. मिनँडर, म्हणजे मिलिंदपञ्हातला मिलिंद, याच्या तांब्यात वैविध्य फार. अथेना, नाइकी, ढाल, घुबड, हत्तीचं डोकं आणि मागे गदा. आणि एक आठ आऱ्यांचं चक्र. हे धम्मचक्रच असं विक्रेते छातीठोकपणे लिहितात. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही, त्यामुळे त्या एका शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत. मजकूर 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. ग्रीक बाजूला 'सोटेरोस' तिथे इकडे 'त्रतरस'. 'निकेफोरोस' तिथे 'जयधरस'. 'डिकायोस' तिथे 'ध्रमिकस'. हे तीन-चार जोड पाठ झाले की अर्धीअधिक यवन नाणी पुस्तक न उघडता लागतात, कारण एका बाजूला नाव पुसलं असेल तर दुसऱ्या बाजूला ते बहुधा शिल्लक असतं.

या राजांची नावं चाळीसच्या आसपास, पण लेखी इतिहासात उल्लेख मोजक्यांचे. बाकीचे फक्त नाण्यांमुळे ठाऊक आहेत. अँटिआल्किडास हा त्यातल्या त्यात भाग्यवान. त्याचा वकील, तक्षशिलेचा हेलिओडोरस, याने विदिशेजवळ बेसनगरला वासुदेवासाठी गरुडध्वज उभारला आणि त्यावरच्या लेखात राजाचं नाव कोरलं. भोपाळहून जाणं सोपं आहे. पुढच्या भारतवारीत स्तंभ पाहून या, आणि मग याच राजाचं दोन टोप्या आणि दोन झावळ्या असलेलं चौकोनी तांब्याचं नाणं शोधा. स्तंभ आणि नाणं यांवर एकच नाव वाचायला मिळतं.

इथे सुरुवातीच्या माझ्या ठाम मताला एक अपवाद जोडतो. शेवटच्या यवन राजांपैकी हर्मायस गेल्यावरही त्याच्या नावाची नाणी निकृष्ट होत होत चालूच राहिली. कुशाण कुजुल कडफिसेसने तर एका बाजूला ग्रीकमध्ये हर्मायसचं नाव ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत स्वतःचं घातलं. प्रजेला जुन्या शिक्क्याची सवय असेल तर नवा राजाही तो मोडत नाही. म्हणून या टोकाच्या नाण्यांवर नाव वाचून थांबू नका, घडण पाहा. अक्षरं भोंगळ आणि चेहरा बाहुलीसारखा झाला असेल तर मूळ राजा बहुधा कधीच गेलेला आहे.

महाराष्ट्राशी याचा धागा आहे, तोही नाण्यांतूनच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात नोंद आहे की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडरची जुनी नाणी तेव्हाही चालत होती. क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाच्या चांदीवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरं आहेत, भाषा मात्र प्राकृत. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. खालचा नहपान पुष्कळ नाण्यांवर अजून दिसतो. यवन राजेही एकमेकांच्या तांब्यावर असेच ठसे मारायचे. आधी कोण, मागून कोण हे ठरवायला अभ्यासकांपाशी याच्याइतका भक्कम पुरावा क्वचितच असतो. त्यामुळे तांब्याच्या नाण्यावर दोन चित्रं एकमेकांत घुसलेली दिसली तर 'खराब नाणं' म्हणून टाकू नका. विक्रेत्याच्या लक्षात आलं नसेल तर तुमचं नशीब.

कुठे पाहावं, कुठून घ्यावं

पहिले सहा महिने काही विकत घेऊ नये. हा सल्ला कुणी पाळत नाही, तरी देतो. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी ही न्यूयॉर्कमध्ये १८५८ साली स्थापन झालेली संस्था. तिने उघडलेले फुकट संग्रह म्हणजे घरबसल्या विद्यापीठ. मॅसिडोनच्या राजांसाठी 'पेला', सेल्युकिदांसाठी आणि टोलेमींसाठी वेगवेगळे ऑनलाइन कॅटलॉग, आणि आपल्यासाठी 'बॅक्ट्रियन अँड इंडो-ग्रीक रुलर्स'. चिन्हावरून, राजावरून, धातूवरून शोधता येतं, आणि जगभरच्या संग्रहालयांतले नमुने समोर येतात. ओझमंड बोपेआरच्ची यांनी यवन नाण्यांच्या याद्या केल्या आहेत. विक्रेता 'बोप' आणि एक आकडा लिहितो तो त्यांच्या १९९१ च्या पॅरिस संग्रहाच्या कॅटलॉगमधला. आकडा ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

प्रत्यक्ष पाहायला प्रिन्स्टन जवळ. विद्यापीठाच्या फायरस्टोन ग्रंथालयातला नाण्यांचा संग्रह १८४९ सालापासूनचा आहे. अभ्यासासाठी पाहायचं असेल तर आधी लिहून वेळ घ्यावी, आणि कुठली नाणी पाहायची आहेत ते नेमकं कळवावं. 'काही ग्रीक दाखवा' असं लिहिणाऱ्याला कुणी गांभीर्याने घेत नाही. रटगर्सच्या न्यू ब्रन्सविकमधल्या ग्रंथालयात अर्न्स्ट बेडियन यांनी दिलेला रोमन प्रजासत्ताकाच्या नाण्यांचा संग्रह आहे. ग्रीक नव्हे, पण तांब्याची झीज कशी दिसते हे पाहायला तोही उपयोगी, आणि त्याची छायाचित्रं संगणकावर पाहता येतात. जानेवारीत न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय नाणे परिषद भरते. तिथे विक्रेत्यांच्या टेबलांवर नाणी हातात घेऊन पाहता येतात आणि कुणी घ्यायची सक्ती करत नाही. नाणं नेहमी कडेने धरावं. पुढून-मागून चिमटीत धरलंत की समोरच्या माणसाचा चेहराच सांगतो. सुट्टीत महाराष्ट्रात गेलात तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन आणि त्र्यंबकच्या वाटेवरची अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था, दोन्ही चुकवू नका.

घ्यायचं ते अमेरिकेतल्या जुन्या, नाव असलेल्या विक्रेत्याकडून. तो नाणं खोटं निघालं तर परत घेतो. लिलावांतल्या मागच्या किमती 'एसीसर्च'सारख्या स्थळावर दिसतात. विचारलेली किंमत त्याच्याशी ताडावी. स्वस्त तांब्याची कोण नक्कल करणार, असं वाटतं. करतात. साच्यात ओतलेल्या नकलीच्या कडेला सांधा दिसतो, अंगावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ असतात, आणि वजन जमत नाही. चौकोनी यवन नाण्यांच्या नकला तर फारच झाल्या आहेत. एकाच विक्रेत्याकडे एकाच झिजेची, एकाच जागी चीर गेलेली दोन नाणी दिसली तर तो विक्रेता कायमचा सोडावा. नकलीपेक्षा जास्त गाठ पडते ती 'सुधारलेल्या' नाण्यांशी. नाणं खरं, पण चेहरा झिजला म्हणून कुणीतरी टोकदार हत्याराने डोळा-केस पुन्हा कोरलेले. भिंगातून पाहा, कोरलेल्या रेषेच्या तळाशी राप नसतो.

कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पिस्कॅटवेकरांनी सोडू नये, कारण आपल्यापैकी बरेच जण दर वर्षी बॅगा भरून ये-जा करतात. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू परदेशी नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. आजोबांच्या देव्हाऱ्यातलं नाणं असो, शिवराई असो की मिनँडर असो, बॅगेत घालून आणायचं नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी आहे. घरची नाणी घरीच, कुणा भावा-बहिणीकडे ठेवा, छायाचित्रं आणा. गावच्या शेतात नाणी निघाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, ही गोष्ट गावच्या नातेवाइकांनाही सांगून ठेवा.

अमेरिकेच्या बाजूने पाहिलं तर १९८३ च्या सांस्कृतिक मालमत्तेच्या कायद्याखाली निरनिराळ्या देशांशी करार होत गेले आणि जुनी नाणी आणण्यावर निर्बंध आले. सायप्रससाठी २००७, ग्रीससाठी २०११, अफगाणिस्तानसाठी २०२२, पाकिस्तानसाठी २०२४. भारताशीही जुलै २०२४ मध्ये करार झाला. निर्बंधातलं नाणं बाहेरून मागवलं तर ते निर्बंधाच्या तारखेआधीच मूळ देशाबाहेर होतं, याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून पेशावर किंवा इस्तंबूलहून थेट टपालाने स्वस्त नाणं मागवण्याचा मोह टाळावा. कस्टम्सने अडवलं तर पैसेही जातात आणि नाणंही.

त्यामुळे मालकीचा माग, म्हणजे हे नाणं आधी कुणाकडे होतं, कुठल्या लिलावात, कोणत्या साली विकलं गेलं, ही चिठ्ठी नाण्याइतकीच मोलाची. जुन्या लिलावाच्या कॅटलॉगात छायाचित्रासह छापलेलं नाणं दहा डॉलर जास्त देऊनही घ्यावं. चिठ्ठी खोटीही असते. ब्रूटसचं सीझरच्या खुनाची तारीख मिरवणारं सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनला चाळीस लाख डॉलरांहून जास्त किमतीला विकलं गेलं. मालकीचा इतिहास बनावट निघाला, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी ते ग्रीसला परत केलं. आपला व्यवहार चाळीस डॉलरांचा असेल, तरी 'जुन्या संग्रहातलं' या दोन शब्दांवर भागवू नका. कुठला संग्रह, केव्हाचा, असं विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर पुढच्या टेबलाकडे वळा.

घरात आल्यावर

आपल्या घरात तांब्याचा तांब्या चिंचेने नाहीतर पितांबरीने लख्ख करायची सवय असते. नाण्याला हे दोन्ही लावू नका. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, काहीच नाही. तांब्यावर दोन हजार वर्षांत चढलेला हिरवा-तपकिरी राप हेच त्याचं संरक्षण आणि निम्मी किंमत. माती फार असेल तर डिस्टिल्ड पाण्यात काही आठवडे ठेवावं, पाणी बदलत राहावं, आणि लाकडी टूथपिकने हळूहळू सोडवावी. सुई नको.

एक रोग मात्र ओळखता यायला हवा. राप गुळगुळीत आणि घट्ट असतो. त्यावर फिकट हिरवी, नखाने सुटणारी भुकटी दिसली तर ते ब्राँझला लागलेलं दुखणं. धातूत अडकलेले क्षार हवेतल्या ओलाव्याने पुन्हा जागे होतात आणि नाणं आतून पोखरतात. असं नाणं ताबडतोब इतरांपासून वेगळं करावं आणि जाणकाराला दाखवावं. न्यू जर्सीत उन्हाळ्यात तळघरं ओलसर होतात, आणि आपल्याकडे सगळी अडगळ, पर्यायाने छंदही, तळघरातच जातो. नाणी तिथे ठेवू नका. वरच्या मजल्यावर, बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आत राहील असं पाहा. छोटं आर्द्रतामापक फार महाग नसतं. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पीव्हीसी असतं आणि ते तांब्यावर हिरवा चिकट थर आणतं. आम्लविरहित कागदाची पाकिटं वापरा.

प्रत्येक पाकिटावर राजाचं नाव, टाकसाळ, व्यास, वजन, कॅटलॉगचा क्रमांक, कुणाकडून आणि कोणत्या तारखेला घेतलं, आणि आधीच्या मालकाची चिठ्ठी असेल तर तिची नोंद लिहा. हेच सगळं छायाचित्रांसह संगणकावर ठेवा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला ते कुठे आहे ते सांगा. शेवटचं काम म्हणजे घराच्या विम्याची पॉलिसी उघडून नाण्यांवरची मर्यादा पाहणं. पुष्कळ पॉलिसींत ती जेमतेम २०० डॉलर असते. दोन-चार फिलिप आणि एखादा मिनँडर झाला की ती ओलांडली जाते, आणि मग वेगळी जोड घ्यावी लागते.